नसलेल्या राज्याचा खेळ



इतिहासाच्या तासाला वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. "सर, हे खरंच घडलं होतं का?" पानिपत असो वा बेचाळीसची चळवळ असो, मुलांना आधी एवढेच जाणून घ्यायचे असते. इतिहास शिकविणाऱ्याने घडलेले सांगावे, न घडलेले सांगू नये, असा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. तथापि स्मरणिकेसाठी यंदा लेख मागण्यात आला तेव्हा मी मुद्दामच उलटी वाट धरली. कधीच न घडलेल्या गोष्टी, कधीच नसलेले राजे आणि कुठल्याही नकाशात न सापडणारी राज्ये यांचा हा इतिहास आहे. आपल्या सातारा-सांगली भागात या गोष्टी पुस्तकात वाचल्या गेल्या नाहीत. त्या दहा जणांनी मिळून उभ्या केल्या आणि हजारोंनी बसून पाहिल्या.

'असे झाले तर?' या एका प्रश्नावर जगात फार मोठे साहित्य उभे आहे. इंग्लंडच्या टॉमस मोरने १५१६ साली 'युटोपिया' नावाचे एक बेट कल्पून तिथली राज्यव्यवस्था लिहून काढली. पुढे एच. जी. वेल्सने काळातून प्रवास करणारे यंत्र कल्पिले. आपल्याकडे उर्दूत तिलिस्म आणि अय्यारांच्या दास्तानी होत्या. त्या छापल्या गेल्या हे खरे, पण त्यांचा खरा जीव दास्तानगोच्या तोंडी. दिल्लीचे मीर बाकर अली हे त्या जुन्या परंपरेतले शेवटचे नामांकित दास्तानगो, ते १९२८ साली वारले. दास्तान एकटा माणूस बसून सांगतो. आपल्या कृष्णाकाठी मात्र कल्पित जग एकट्याने सांगून भागत नसे, ते अनेकांनी मिळून 'खेळावे' लागे. 'नाटकाचा खेळ', 'तमाशाचा खेळ' असे आपण म्हणतो त्यातला 'खेळ' हा शब्द मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

आरंभ सांगलीपासून करू. तेव्हा सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते आणि गादीवर चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब होते. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे यक्षगानाच्या धर्तीचे खेळ आप्पासाहेबांनी पाहिले आणि आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना मराठीत तसे काही करून दाखविण्यास सांगितले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' झाले. हाच दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो.

हे सर्व पाठ्यपुस्तकात आहे. पाठ्यपुस्तकात नसते ते हे, की त्या खेळाची लिहिलेली अशी संहिता नव्हती. भावे पदे रचीत, सूत्रधार ती गाई आणि पदाचा अर्थ कळला की पात्रांनी भाषण आपापल्या बुद्धीने आयत्या वेळी करावयाचे. विदूषक येई, गणपती येई, मोरावरची सरस्वती येई, मग देवांची सभा भरे. आणि राक्षस आला की रंगविलेले तोंड, हातात तलवार आणि अशी आरोळी, की या खेळांना पुढे 'अललडुर्र'ची नाटके असेच नाव पडले. शिकलेल्या मंडळींनी या नावाने त्यांची खूप टिंगल केली. मला ती टिंगल पटत नाही. राक्षस कोणीच पाहिलेला नव्हता. तो कसा चालतो, कसा बोलतो, रागावला म्हणजे काय करतो, हे एका नटाला उभ्या उभ्या ठरवावे लागे आणि समोरच्या शेकडो लोकांनी ते मान्य करावे लागे. न पाहिलेल्या गोष्टीवर एवढ्या लोकांचे एकमत घडवून आणणे ही काय लहान गोष्ट झाली?

आप्पासाहेब १८५१ साली वारले, राजाश्रय सुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ साली मुंबईस ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे खेळ झाले. मुंबईच्या प्रेक्षकांत नाना भाषांचे लोक असत, म्हणून त्यांनी गोपीचंदाचे आख्यान हिंदुस्थानी भाषेतही केले. त्याच सुमारास लखनौस अमानत यांनी 'इंदरसभा' रचली, ज्यात सब्ज परी आणि शहजादा गुलफाम यांची गोष्ट आहे. लखनौचा शायर आणि सांगलीचा सूत्रधार यांची एकमेकांशी ओळख असण्याचे कारण नाही, पण दोघांनीही एकाच दशकात इंद्राचा दरबार माणसांत आणून बसविला. पुढे पारशी नाटक कंपन्यांनी ती इंदरसभा गावोगाव नेली आणि १९३२ साली तिचा बोलपटही झाला, सत्तरएक गाण्यांचा!

परंतु भाव्यांचे जग देवादिकांचे होते. गोष्ट आधीच ठरलेली, शेवट सर्वांना ठाऊक. शेवट ठाऊक नसलेली, मनाने रचलेली गोष्ट फडावर आणली ती तमाशाने. तासगाव तालुक्यातील सावळज हे गाव आपल्यापैकी अनेकांना द्राक्षांमुळे माहीत असेल. तिथल्या मातंग समाजातील उमाजी सावळजकर यांनी १८६५ च्या सुमारास 'मोहना-बटाव' रचला आणि तो पहिला वग मानला जातो. त्याआधी तमाशात गण, गवळण आणि लावणी एवढेच असे. वगाने त्याला कथा दिली. त्यानंतर या भागाने वगाला किती माणसे दिली पाहा! वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार सोडून फडात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. 'मिठाराणी'चा वग त्यांचा. मिरजेजवळच्या कवलापूरचे शिवा-संभा आणि त्याच घरातले काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे ही जुळी भावंडे. 'जहरी प्याला' या वगातील त्यांचे हुबेहूब एकसारखे दिसणारे दोन शिपाई पाहण्यासाठी लोक बैलगाड्या जुंपून जात. आमच्या आजोबांनी तो वग चार वेळा पाहिला होता. शेवटी कोण मरतो ते त्यांना मुळी सांगताच येत नसे, शिपायांचे बोलणे मात्र तोंडपाठ!

वगातले जग उभे कसे राही, हे जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. पडदा नाही, देखावा नाही, बसायला सिंहासन नाही. मागे झीलकरी उभे, शेजारी ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज. राजा म्हणतो, "चला प्रधानजी, शिकारीला." दोघे फडावर एक गोल फेरी मारतात, झीलकरी सूर ओढतात, ढोलकी दोन तोडे वाजवते आणि फेरी पुरी झाली की तेच लाकडी फळ्यांचे व्यासपीठ अरण्य झालेले असते. पुन्हा एक फेरी, की परमुलूख. एका रात्रीत सात राज्ये पालथी घालायची, आणि खर्च काय तर चार पावले. ज्यांनी विज्ञानकथांतली याने वाचली आहेत त्यांना मी नम्रपणे विचारतो, याहून स्वस्त यान कोणी बनविले आहे काय?

या सर्वांत माझ्या दृष्टीने मोठा माणूस म्हणजे सोंगाड्या. लोक त्याला नुसता हसविणारा समजतात. वस्तुतः त्याचे काम शंका काढण्याचे आहे. राजा म्हणणार, हा आमचा सात मजली वाडा. सोंगाड्या मान वर करून बघणार आणि म्हणणार, महाराज, सातवा मजला गळतोय जरा. राजा म्हणणार, आमच्या राज्यात कोणी उपाशी नाही. सोंगाड्या आपल्या पोटाला हात लावून विचारणार, मग मी कुठल्या राज्यातला? समोर बसलेल्या शेतकऱ्याच्या मनात जी शंका येणार ती सोंगाड्याने आधीच बोलून टाकलेली असते. शंका बोलली गेली, सगळे हसले, की मग तो वाडा लोक मान्य करतात. श्रद्धेने नव्हे, हसून आणि घासाघीस करून. कल्पित गोष्ट अशी चारचौघांत तपासून घेण्याची ही रीत मला पुस्तकापेक्षा सरस वाटते. पुस्तकाला प्रश्न विचारता येत नाही.

दादू इंदुरीकरांच्या 'गाढवाचं लग्न'चे उदाहरण घ्या. शापाने गाढव झालेला गंधर्व, त्याला पाळणारा सावळ्या कुंभार, कुंभाराची गंगी आणि राजकन्येशी लग्न. किती अशक्य गोष्ट! पण सावळ्या आणि गंगी अशी बोलतात, की पाहणाऱ्याला वाटावे, उद्या आपल्या आळीतले गाढव बोलले तर आपणही असेच वागू. दादूंना १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला.

येथे एक गोष्ट आपल्या समाजासाठी सांगणे भाग आहे. शाहिरीच्या या वाटेवर आपले लोक उपरे नव्हते. कलगी-तुऱ्याच्या आख्यायिकेत तुकनगीर आणि शाह अली या दोन फकिरी वृत्तीच्या माणसांचा वाद सांगतात. तुऱ्याचे तुकनगीर, कलगीचे शाह अली, एक हिंदू आणि एक मुसलमान. पेशवाईच्या अखेरीस गाजलेले सगनभाऊ हे जातीने शिकलगार मुसलमान. हत्यारांना धार लावणे हा ज्यांचा वंशपरंपरागत धंदा, त्यांच्या घरात एवढा शब्दांचा कारागीर निपजला!

आता गोष्टीला वळण येते. आतापर्यंतचे राजे करमणुकीचे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्याच्या खेड्यांत असा एक राजा फडावर आला, की त्याने जमीनदार आणि सावकार यांची झोप उडविली. तो बळीराजा. 'इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो' हे आपल्याकडच्या आयाबहिणी दिवाळीला म्हणतच होत्या. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्या ओवाळणीचा अर्थ उलगडून दाखविला आणि बळीचे राज्य म्हणजे सर्वांना समान लेखणारे, कष्टकऱ्याचे राज्य असे मांडले. सत्यशोधकांनी पुस्तक न वाचणाऱ्या लोकांपर्यंत ते नेण्यासाठी तमाशाचाच साचा घेतला, त्यातला शृंगार काढला आणि त्याला 'जलसा' म्हटले. कराड तालुक्यातील काले येथील रामचंद्र घाडगे यांचा जलसा त्या काळी या भागात गाजला. सोंगाड्या तोच राहिला, पण त्याच्या शंका बदलल्या. आता तो विचारू लागला, मंत्र मला कळत नाही तर दक्षिणा मी का द्यायची?

आणि योगायोग पाहा. त्याच काले गावी १९१९ साली भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली आणि तिथल्या वसतिगृहात महार, मराठा, जैन, मुसलमान, सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहू लागली, एकत्र स्वयंपाक करू लागली. असे जेवण त्याआधी कुठल्या गावात होत होते? ते फक्त जलशाच्या फडावर, बळीच्या राज्यात होत होते. जलसा झाला म्हणून वसतिगृह झाले, असे विधान मी करणार नाही. एवढेच म्हणतो, की ज्या लोकांनी रात्री फडावर ते जेवण पाहिले होते त्यांना दिवसा ते पाहताना पहिला धक्का बसून गेलेला होता.

याच मातीत १९४२ उगवले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. लोकांनी कचेरीवर तिरंगा लावला आणि मामलेदारांच्या डोक्यावर गांधी टोपी चढविली. राज्य इंग्रजांचेच होते. पण त्या काही घटकांपुरते ते नव्हते असे हजारो लोकांनी मिळून ठरविले, आणि सरकारी अधिकाऱ्याला त्यात एक पात्र करून टाकले. पुढच्याच आठवड्यात वडूज येथे ९ तारखेला आणि इस्लामपूर येथे १० तारखेला अशाच मोर्च्यांवर गोळीबार झाला, माणसे पडली. खेळ आता खेळ राहिला नव्हता.

१९४३ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर, जी. डी. बापू लाड आदींनी प्रतिसरकार उभे केले. नाना पाटील मूळचे तलाठी आणि सत्यशोधक चळवळीत तयार झालेले. त्यांची सभा म्हणजे निम्मे भाषण आणि निम्मी बतावणी असे. प्रतिसरकारला राजधानी नव्हती, शिक्का नव्हता, कचेरी नव्हती. पण न्यायदान मंडळे होती, ती गावकीत बसून तंटे सोडवीत. कुंडलला तुफान सेनेचे शिक्षण होते. बिनखर्चाची, हुंड्याशिवायची 'गांधी लग्ने' लागत. शाहीर शंकरराव निकमांसारखे लोक पोवाडे गाऊन हे राज्य गावोगाव पोचवीत. दिवसा तेच गाव इंग्रजांच्या तलाठ्याला सारा देई आणि रात्री प्रतिसरकारच्या मंडळापुढे उभे राही. १९४६ पर्यंत हे चालले. याला इतिहासकार महायुद्ध, महागाई, भूमिगतांचे संघटनकौशल्य अशी कारणे देतात आणि ती खरीच आहेत. माझी पुस्ती एवढीच, की नसलेले राज्य आहे असे मानून त्यात नेमके कसे वागायचे, याचा सराव या खेड्यांना दोन पिढ्यांचा होता.

हे अलंकारिक बोलणे वाटू नये म्हणून एक प्रसंग सांगतो. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील या स्वतः भूमिगतांत काम करीत. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातील बंदुका काढून आणायच्या होत्या. हौसाताई आणि त्यांच्या साथीदाराने ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग आणले. नवरा बायकोला मारतो आहे, दगड उचलून जीव घेतो म्हणतो आहे. पोलीस भांडण सोडवायला बाहेर धावले आणि मागच्या मागे सोबत्यांनी बंदुका उचलल्या. वयाच्या नव्वदीतही हौसाताई हा प्रसंग सांगत. २०२१ साली त्या वारल्या. खोट्या नवऱ्याचा खरा मार खाणे, हे ज्याने फडावरचा वग पाहिला असेल त्यालाच सुचावे!

याच वाळवे तालुक्यात, वाटेगाव येथे, १९२० साली अण्णाभाऊ साठे जन्मले. लहानपणी बापाबरोबर पायी मुंबईस गेले. गिरणीत काम केले. तमाशा त्यांच्या रक्तातच होता. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लालबावटा कलापथक काढले. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. त्यांच्या आई मुनेरबी ओव्या गात आणि तोच गळा लेकाला मिळाला. वाटेगावचा मातंग आणि बार्शीचा मुसलमान एका व्यासपीठावर उभे राहिले तेव्हा मुंबईच्या कामगार मैदानात पाय ठेवायला जागा उरत नसे. त्यांनी तमाशाचे काय केले पाहा. गणात गणपतीच्या जागी मायभूमी आणि हुतात्मे यांना वंदन आले. वगात राजा-प्रधानाच्या जागी शेठजी, पुढारी आणि मंत्री आले. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा' ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. स्वातंत्र्यानंतर लगोलग मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. तेव्हा 'तमाशा' हा शब्द बाजूस सारून 'लोकनाट्य' हे नाव रूढ करण्यात अण्णाभाऊंचा मोठा वाटा होता. ढोलकी तीच, सोंगाड्या तोच, पाटी बदलली.

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा लढा. पुन्हा एक नसलेले राज्य! १९५६ ते १९६० या काळात मुंबईसह महाराष्ट्र कोठेही अस्तित्वात नव्हता. तो फक्त अमर शेखांच्या डफावर आणि अण्णाभाऊंच्या छक्कडीत होता. गावाकडे राहिलेल्या आपल्या मैनेसाठी झुरणारा मुंबईचा कामगार अण्णाभाऊंनी उभा केला, आणि त्या मैनेत महाराष्ट्राबाहेर राहिलेला सीमाभाग लोकांना बरोबर दिसला. १ मे १९६० रोजी राज्य झाले. बेळगाव, कारवार बाहेरच राहिले, म्हणजे वग निम्माच खरा झाला. दोघेही शाहीर १९६९ साली गेले, अण्णाभाऊ जुलैत, अमर शेख ऑगस्टात.

हा सर्व इतिहास मी शिक्षक म्हणून वाचत होतो, तो अंगावर कसा आला तेही सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने काय केले हे आपणांस सांगायला नको. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. २००५ च्या पुराच्या खुणा भिंतींवर होत्या, त्याही बुडाल्या. आमची शाळा कृष्णाकाठीच. पाणी ओसरल्यावर वर्गातला गाळ मुलांनीच काढला. तेव्हा आठवीतील मुले सारखी बोलत, "सर, याच्यापेक्षा मोठा पूर आला तर?" माझ्या मनात आले, की हा तर वगाचा विषय. स्नेहसंमेलनासाठी आम्ही न आलेल्या पुराचा खेळ बसविला. लिहिलेले काही नाही. प्रत्येक पात्राने आपल्या घरचे बोलायचे. पाणी वाढले हे दाखवायला फेरी: एक फेरी मारली, की पाणी एका पायरीने वर. सोंगाड्याचे काम एका मुलीने मागून घेतले.

यावर एका पालकांनी हरकत घेतली. मुलींनी व्यासपीठावर सोंग आणायचे, आणि तेही तमाशाचे! त्यांचा राग मी समजू शकतो. 'तमाशा' हा शब्द आपल्या घरांत कोणत्या अर्थाने वापरतात हे मलाही ठाऊक आहे. मी त्यांना बेगम रुकैया सखावत हुसेन यांची गोष्ट सांगितली. त्यांनी १९०५ साली 'सुलतानाचे स्वप्न' ही कथा लिहिली, जिच्यात स्त्रिया राज्य चालवितात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात आणि ढगांतून पाणी ओढून घेतात. ती कथा लिहिणाऱ्या बाईंनीच पुढे १९११ साली कलकत्त्यात मुसलमान मुलींसाठी शाळा चालू केली. पालक ऐकून घेत होते, पण मानले नाहीत. शेवटी मी अण्णाभाऊंचाच मार्ग पत्करला आणि कार्यक्रमपत्रिकेत 'वग' खोडून 'नाटिका' लिहिले. मग हरकत राहिली नाही.

जानेवारी २०२० मध्ये खेळ झाला. तिसऱ्या फेरीला गावकरी नावेत चढू लागतात आणि आजीचे काम करणारी मुलगी आडून बसते, शेळ्या सोडून मी यायची नाही. पुढारी समजावतो, सरपंच समजावतो. तेव्हा सोंगाड्या झालेली मुलगी पुढे आली आणि सगळ्या प्रेक्षकांकडे वळून म्हणाली, "माणसं न्यायला नाव आहे. शेळ्यांसाठी कोणी नाव केलीय का? मग आजी येणार कशी?" हे तालमीत नव्हते. पटांगणात हशा झाला आणि मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही. खेळाला पुढे शेवट सुचेना. मुलांनी आणखी एक फेरी मारली आणि नमस्कार करून खाली उतरली.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा वाढले. करोनामुळे शाळा बंदच होती. पाऊस लागल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच मुलीचा घरच्या फोनवरून मला फोन आला. "सर, आमच्याकडं अजून पाणी नाही आलं. पण अब्बांनी टेंपो सांगितलाय. पहिली खेप शेळ्यांची चाललीय. दादी त्यांच्याबरोबरच बसली."